चाळीस किलोची रेघ

माझ्यावर उभं राहायचं असेल तर खुशाल राहा, पण श्वास रोखून धरू नका. पुष्कळ जण धरतात. त्यानं आकड्यात काही फरक पडत नाही, उगाच छाती तेवढी धडधडते.

मी वजनकाटा. खाली रुंद लोखंडी फळी, मागं उभा खांब, खांबावर आडवी दांडी आणि दांडीवरून पुढंमागं सरकणारं एक पितळी वजन. धान्याची पोती जोखायची म्हणून मला केलं. श्रीरामपूरहून एसटीनं अर्ध्या तासावर विद्यापीठाचं बियाण्याचं शेत आहे, तिथल्या गोदामात मी राहतो. पोत्यांबद्दल मी काही सांगत बसणार नाही, ती सगळी सारखीच असतात. पण मधे दीड-दोन वर्षं माझ्यावर माणसं चढली. तेवढं मात्र सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. तापलेलं लोखंड साच्यात ओतलं, निवालं, घासलं, आणि माझ्या पोटात चार तरफा बसवल्या. मग वजनमापवाला साहेब आला. त्यानं खरी मापं ठेवून मला तपासलं आणि खांबावर शिक्का मारला. दरवर्षी तो येतो, दरवर्षी नवा शिक्का मारतो. माणसाला आपल्या लेकराच्या शाळेतल्या निकालाचं जसं वाटतं तसं मला त्या शिक्क्याचं वाटायचं. खोटं बोलायचं नाही, एवढंच मला शिकवलेलं होतं.

गोदामात माझा धनी म्हणजे भिमाजी. गोदामाच्या किल्ल्या त्याच्या कमरेला. दहा-बारा वर्षं पोती जोखून त्याचा हात असा बसलेला, की पोतं फळीवर टेकायच्या आत तो वजन बोलायचा आणि मग माझ्याकडं बघायचा. पोत्याच्या रिकाम्या तागाचं जे वजन, त्याला इथं बारदान म्हणतात. भिमाजी प्रत्येक पोत्यामागं एक किलो बारदान वजा करून आकडा मोठ्यानं सांगायचा आणि समोरचा लिहून घ्यायचा. झोपेतून उठवलं तरी त्यानं एक किलो वजा केला असता.

बाहत्तर साली पाऊस आला नाही. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला, श्रावणातही आभाळ नुसतं पांढरं. पाटाला आठवड्यातून एकदा पाणी. विहिरीच्या जिवावर बियाण्याचे थोडेच वाफे राखले होते. त्याच दिवसांत विद्यापीठाच्या मोठ्या कचेरीतून एक पत्रक आलं. कर्मचाऱ्यांचं आरोग्य सुधारायचं. कचेरीतला कारकून असो, ड्रायव्हर असो की रोजानं खुरपणारी बाई असो, दर महिन्याला सगळ्यांचं वजन घ्यायचं. ज्यांची पोटं सुटलीत त्यांना सकाळी चालायला लावायचं. जे अशक्त आहेत त्यांना दुपारी शेंगदाणे, फुटाणे आणि गुळाचा लाडू द्यायचा. आणि चाळीस किलोच्या खाली ज्यांचं वजन भरेल त्यांना जड काम न देता हलकं काम द्यावं, असंही त्यात होतं. पत्रक चांगलंच होतं. ज्यानं लिहिलं त्याच्या मनात काळजी होती, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन.

दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सुनीती नावाची सिस्टर श्रीरामपूरहून यायची. खांद्याला पिशवी, हातात छत्री, बोलणं मोजकं. तिच्याकडं माणसं जोखायचा काटा नव्हता. ती गोदामात आली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "हा चालेल."

"बाई, ह्यो धान्याचा काटा हाय," भिमाजी म्हणाला. "मानसं हालत्यात. पोतं कसं गप बसतं."

"माणसांनाही गप बसवू," ती म्हणाली. मला चौघांनी उचलून गोदामाच्या ओसरीवर आणलं.

पहिल्या गुरुवारी आधी कचेरीची मंडळी आली. सर्वांत पुढं हेडक्लार्क विष्णुपंत. त्यांनी चपला काढल्या. मग कोट काढला. मग खिशातला चष्म्याचा डबा, फाऊंटन पेन, पानाची चंची, किल्ल्यांचा जुडगा, सगळं एकेक करून खुर्चीवर ठेवलं. शेवटी हातातलं घड्याळही काढलं. तरी चौऱ्याऐंशी भरले.

"भाऊसाहेब, जानवं राहिलं की," रांगेत मागं उभी असलेली छबूबाई बोलली आणि बायका पदरात तोंड घालून हसल्या. छबूबाई शेतावरची सगळ्यांत जुनी बाई. तिला कुणाची भीती नव्हती.

मग बायका आल्या. उन्हातून तशाच आलेल्या, पायाला माती. फळीवर चढायच्या आधी प्रत्येकीनं मला हात लावून नमस्कार केला. मला ओशाळल्यासारखं झालं. सुनीती सिस्टर समोर टेबलाशी वही घेऊन बसली होती. भिमाजी दांडीवरचं वजन सरकवून आकडा सांगायचा, ती लिहायची.

आणि इथंच ते झालं. बायका अंगभर नऊवारी लुगडी नेसलेल्या. भिमाजीनं पहिलीचं वजन बघितलं आणि लुगड्याचा एक किलो मनातल्या मनात वजा करून आकडा सांगितला. त्याच्या हिशेबी ते लुगड्याचं बारदान होतं. फसवायचं त्याच्या मनातही नव्हतं. हात वळणाचा गुलाम. वहीत चाळीसचा आकडा कपड्यांसकट धरलेला आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि आपण वजाबाकी करतोय, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

रंगुबाई चढली. माझ्या दांडीवर साडेचाळीस होते. भिमाजी म्हणाला, "साडेएकोणचाळीस."

तिच्यामागून राहीबाई चढली. पंचविशीच्या आतबाहेरची, डोळे मोठे, मनगटाची हाडं वर आलेली. पाच महिन्यांची मुलगी बाभळीखाली झोळीत ठेवून आलेली, सारखी मान वळवून तिकडं बघत होती. मी एक्केचाळीस दाखवले. भिमाजी म्हणाला, "चाळीस."

मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण काट्याला तोंड नसतं. त्याच्याकडं बघावं लागतं, आणि भिमाजीशिवाय कुणी बघत नव्हतं.

शेतावर कारभारी नावाचा मुकादम होता. माणूस दुष्ट नव्हता, पण त्याला बांधावर माणसं हवी होती, कागद नको होते. पत्रकात लिहिलं होतं हलकं काम द्या. शेतावर हलकं काम म्हणजे सावलीत बसून बी निवडायचं. ते सुगीनंतर दोन महिने असतं. त्या कोरड्या वर्षात निवडायला बी आणायचं कुठून? आठवड्यानं हजेरीच्या वेळी त्यानं रंगुबाईचं नाव पुकारलं नाही. ती उभीच राहिली.

"घरी बस जरा," तो म्हणाला. "अंगात ताकद आली की ये. कागदच तसा आलाय, मी काय करू?"

"घरी बसून ताकद कशी यायची, दादा?" रंगुबाईनं विचारलं.

त्यानं पुढचं नाव पुकारलं. चार दिवसांनी रंगुबाई नवऱ्याबरोबर सुप्याकडं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्याचं कळलं. खुरपणी झेपणार नाही म्हणून जिचं काम गेलं ती घण उचलायला गेली.

पुढच्या गुरुवारी विष्णुपंत पुन्हा कोट काढू लागले तेव्हा सिस्टर म्हणाली, "राहू द्या हो भाऊसाहेब. सगळ्यांचे आकडे कपड्यांसकटच धरलेत. गेल्या वेळीही तसेच होते."

भिमाजीचा हात माझ्या दांडीवर होता. तो तिथंच थांबला. त्यानं वहीकडं बघितलं, रांगेकडं बघितलं. रंगुबाई रांगेत नव्हती. त्या दिवसापासून त्यानं माणसामागं वजाबाकी करायची सोडली. पण जे झालं ते सांगायचं धैर्य त्याला झालं नाही. आपली नोकरी जाईल, असं त्याला वाटलं असणार. भीती कुणाला सुटली आहे?

त्याच दिवशी राहीबाई माझ्यावर चढली आणि मला काहीतरी वेगळं लागलं.

जिवंत अंगाचं वजन स्थिर नसतं. श्वास घेतला की माझी दांडी किंचित हलते, नाडी उडते तशी बारीक थरथरते. पण राहीबाईच्या अंगावर त्या दिवशी काहीतरी मुकं लोंबत होतं. तिच्या लुगड्याच्या ओच्यात गोटे होते. नदीतले गुळगुळीत, दोन, दीडेक किलोचे. वरून पदर ओढलेला. मी साडेएक्केचाळीस दाखवले. माझा आकडा खराच होता. पण किती आहे एवढंच मला सांगता येतं, काय आहे ते सांगता येत नाही.

भिमाजीनं दांडीकडं बघितलं, मग राहीबाईच्या कमरेकडं. पोत्यात कुणी दगड घातला तर तो त्याला पोत्याच्या बसण्यावरून कळायचा. त्याला इथं कळलं नसेल असं मी मानत नाही. त्यानं आकडा सांगितला आणि नजर खाली केली.

सिस्टरनं मान डोलावली. "छान. दीड किलो वाढलं. लाडू लागू पडतोय."

लाडूची गोष्ट मी रोज बघत होतो. दुपारी ओसरीवर भिमाजी लाडू वाटायचा. राहीबाई कोपऱ्यात बसून, मुलीला पदराखाली घेऊन, अर्धा लाडू खायची. उरलेला अर्धा पदराच्या गाठीला. घरी सासूजवळ तिची थोरली मुलगी होती, चार वर्षांची. घरात रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी होत्या, त्या पोरीच्या घशाखाली उतरत नव्हत्या. एकदा छबूबाई तिला म्हणाली, "राही, तू खा गं. तू वाळली तर तान्ही काय चोखंल?"

"खाल्ला की," राहीबाई म्हणाली.

"गाठ कशाची मग ही?"

"किल्ली हाय."

"तुझ्या घराला कुलूप कधी आलं गं?" छबूबाई म्हणाली, आणि आपल्या लाडवाचा तुकडा मोडून तिच्या तोंडात घातला. आईला जबरदस्तीनं भरवावं लागतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

विष्णुपंतांचं मात्र खरंच बरं चाललं होतं. सकाळी ते वाफ्यांच्या बांधावरून हात हलवत फेऱ्या मारायचे. चहातली साखर अर्ध्यावर आणली होती. जिना चढताना धाप लागायची ती थांबली, असं ते सगळ्यांना सांगत. बायका खुरपत असायच्या आणि ते त्यांच्या भोवतीनं चालायचे.

"भाऊसाहेब," छबूबाई एकदा खुरपं वर करून म्हणाली, "नुसतं हिंडूनच जिरवायची तर खुरपायला एक पात धरा की. तुमचीबी जिरंल, आमचंबी वझं हलकं होईल."

विष्णुपंत हसले, पण थांबून राहिले. वाकलेल्या बायकांच्या पाठींकडं बघत होते. मग कचेरीकडं वळले. मला ओसरीवरून सगळं दिसायचं.

ऑक्टोबरात सिस्टरनं आणखी एक सुरू केलं. कामगारांच्या तान्ह्या मुलांचंही वजन घ्यायचं. माझ्या फळीवर बाळाला एकटं कसं ठेवणार? म्हणून तिनं युक्ती सांगितली. आईनं बाळाला घेऊन चढायचं. मग बाळ दुसरीच्या हातात देऊन एकटीनं चढायचं. मोठ्या आकड्यातून छोटा वजा केला की उरलं ते बाळाचं.

राहीबाईच्या मुलीचं नाव मनकर्णा. सगळ्या तिला मना म्हणायच्या. आईच्या कडेवर बसून ती माझ्या चमकत्या पितळी वजनाकडं हात करायची. दोघी मिळून साडेसत्तेचाळीस भरल्या. एकटी राहीबाई बेचाळीस, अडीच किलो गोट्यांसकट. मना साडेपाच किलो. वजाबाकीत गोटे आपोआप कटून गेले. बाळाचा आकडा खरा होता.

सिस्टरनं मनाचे हात दाबून बघितले, पापणी उलटून बघितली. "सात महिन्यांची ना? पुढच्या खेपेला बघू," म्हणाली. राहीबाईनं मनाला लगेच छातीशी धरलं. तिचा चेहरा मला दिसला नाही, पण ती उतरून गेल्यावरही फळीवर तिच्या तळपायांचा घाम बराच वेळ होता.

एव्हाना ओच्यात गोटे आणणारी ती एकटी राहिली नव्हती. हजेरीतून नाव जाण्याची भीती होतीच, आणि चाळीसच्या वर राहायचा उपायही सगळ्यांना कळला होता. वहीतले आकडे महिन्याकाठी वर चढत होते आणि माझ्यावर उभी राहणारी अंगं हलकी होत होती. वही वाचणाऱ्याला दुष्काळात विद्यापीठाचे कामगार सुधारत चाललेले दिसले असते.

आणि तसंच झालं. नोव्हेंबरच्या गुरुवारी विष्णुपंत मोठ्या कचेरीला पाठवायचा अहवाल घेऊनच ओसरीवर आले. चाळीसच्या खाली आता एकही कामगार नाही, सबब पुढल्या महिन्यापासून लाडू बंद करण्यास हरकत नाही, असं त्यात लिहिलं होतं. आजचे आकडे घातले की सही करायची. त्यांनी ते सिस्टरला वाचून दाखवलं. रांगेतल्या बायकांनी ऐकलं. कुणी कुणाकडं बघितलं नाही.

राहीबाई मनाला घेऊन चढली. अठ्ठेचाळीस. मनाला छबूबाईकडं देऊन एकटी चढली. साडेबेचाळीस.

सिस्टरनं वहीत वजाबाकी केली. मागचं पान उलटलं. पुन्हा केली.

"साडेपाच," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात साडेपाच. आठ महिन्यांच्या मुलीचं वजन महिनाभरात पाव किलोही वाढत नाही?" मग तिनं वर बघितलं. "राहीबाई, चार महिन्यांत तुम्ही अडीच किलो भरलात. पोरगी आहे तिथंच आहे. लाडू खाता ना, मग दूध का नाही? की तिला पाजतच नाही?"

तिचा आवाज चढला नव्हता. पण रांगेत सगळ्यांनी ऐकलं. मागून कुणीतरी हळूच बोललं, "आई भरती अन् लेकरू वाळतंय."

राहीबाई फळीवर उभी होती. तिचं अंग थरथरत होतं आणि माझी दांडी त्याबरोबर हलत होती.

"बाई," भिमाजी घाईनं म्हणाला, "काट्यातच फरक असंल. जुना झालाय. ह्याचं काय खरं न्हाई."

मला खोटा म्हणणारा माणूस माझाच धनी होता. खांबावरच्या शिक्क्याला आग लागावी तसं मला झालं. तरी खरं सांगतो, त्या क्षणी आपण बिघडलेले असतो तर बरं, असंही मला वाटलं.

"तपासून बघू," सिस्टर म्हणाली. तिनं राहीबाईला उतरायला सांगितलं आणि भिमाजीकडून दहा किलोची दोन लोखंडी मापं मागवली. ती फळीवर ठेवली. दांडी वीसवर सरळ झाली. केसाइतकाही फरक नव्हता.

"काटा चांगला आहे," ती म्हणाली. "मग आता आईला विचारायचं."

छबूबाईच्या कडेवर मना रडायला लागली होती. राहीबाईनं एकदा कारभारी मुकादमाकडं बघितलं. तो ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता, हातात हजेरीची वही. मग ती आपणहून पुन्हा माझ्यावर चढली. ओच्याची गाठ सोडली आणि एक गोटा काढून खाली ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. मग चौथा. ओसरीच्या फरशीवर त्यांचा आवाज झाला.

"मला कामावरनं काढा," ती म्हणाली. "पर मी लेकराच्या तोंडचं खाल्लं आसं म्हनू नका. आता लिवा."

भिमाजीनं पितळी वजन मागं सरकवलं. मागं, आणखी मागं. "साडेअडतीस," तो म्हणाला.

सिस्टरनं पेन खाली ठेवलं. मग हळू म्हणाली, "चुकलं माझं. मी आकडे बघत बसले."

छबूबाईनं मनाला तिच्या आईकडं दिलं आणि आपला ओचा झाडला. त्यातून दोन गोटे आणि नांगराच्या फाळाचा एक मोडका तुकडा पडला. "माझंबी घ्या मग," ती म्हणाली. "मला वाटलं, म्हातारपनी जरा धष्टपुष्ट दिसावं." कुणी हसलं नाही. आणखी चौघीजणी पुढं आल्या. बाकीच्या तशाच उभ्या राहिल्या, मी त्यांना दोष देत नाही.

तेव्हा भिमाजी बोलला. खाली बघून, किल्ल्यांशी चाळा करत. "रंगुबाई साडेचाळीस हुती. मी एक किलो कमी सांगितलं. लुगड्याचं धरून. काटा बरोबर दावत हुता."

कारभारी मुकादमाच्या हातातली वही खाली आली. "आरं, मग आधी सांगायचंस की," तो म्हणाला.

विष्णुपंत अहवालाचा कागद हातात धरून उभे होते. त्या कागदावर त्यांची सही व्हायची होती. खरं लिहिलं तर चार महिन्यांचं काम फसलं, असं त्यांच्याच शेतावरून कळणार होतं. ते खुर्चीवर बसले, चष्मा पुसला आणि सिस्टरला म्हणाले, "सगळ्यांची पुन्हा घ्या. कुणाचंही नाव कामावरून जाणार नाही, हे मी आधी लिहितो. मग घ्या." त्यांनी खरंच ते आधी लिहिलं, मोठ्यानं वाचलं, आणि मुकादमाची सही घेतली. कारभारी सही करताना म्हणाला, "मला काय हौस हुती का, भाऊसाहेब. मला सांगा हलकं काम कुठनं आनू?"

"मोठ्या कचेरीच्या गोदामात न निवडलेलं बी पडून आहे," विष्णुपंत म्हणाले. "मी चिठ्ठी देतो. ट्रक पाठवा."

त्या दिवशी चाळीसच्या खाली अकरा बायका भरल्या. आधीच्या अहवालात शून्य होतं.

लाडू बंद झाले नाहीत. उलट सिस्टरनं एक नियम केला. अंगावर पाजणाऱ्या बाईला दोन लाडू. "एक इथं माझ्यासमोर खायचा, एक बांधून न्यायचा," ती म्हणाली. "बांधून नेणार आहातच, तर उघड न्या." एवढ्या दिवसांत कुणी असा नियम केला नव्हता. आई कशी असते हे ध्यानात घेऊन केलेला तो पहिला नियम. मनाला लाडवाचा चुरा दुधात कालवून वाटीनं भरवायचं ठरलं. पहिल्या दिवशी तिनं सगळं सिस्टरच्या पांढऱ्या साडीवर थुंकलं. दुसऱ्या दिवशी थोडं गिळलं.

रंगुबाईचं सांगायचं राहिलं. भिमाजी रजा काढून एसटीनं सुप्याला गेला, दोन दुष्काळी कामं पालथी घालून त्यानं तिला शोधलं. आल्यावर छबूबाईला सांगत होता, ते मी ऐकलं. रंगुबाई खडीच्या ढिगावर बसली होती. त्यानं सगळं सांगितलं, माफी मागितली. ती म्हणाली, "परत आले तर त्या काट्यावर उभं ऱ्हावं लागंल का?" तो म्हणाला, लागंल. "मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि घण उचलला. ती परत आली नाही. तिनं मला बघितलं ते एकदाच, आणि तेव्हा मी खरं दाखवत होतो. पण ती हे कधीच मानणार नाही.

आता दोन पावसाळे बरे गेले आहेत. माणसं जोखायला विद्यापीठानं गोल तबकडीचा नवा काटा आणला, तो सिस्टरच्या खोलीत असतो. मी पुन्हा गोदामात, पोत्यांच्या शेजारी. माझी फळी एका कोपऱ्यात गंजली आहे, दांडीवरचे आकडे पुसट झालेत. वजनमापवाला साहेब यंदा शिक्का मारताना जरा थांबला होता. पुढच्या वर्षी मारील की नाही, सांगता येत नाही.

जायच्या आधी माझं एक मागणं आहे. कुणाचं वजन घ्याल, ताप बघाल, काहीही मोजाल, तर आकडा लिहायच्या आधी त्या माणसाला विचारा, ह्या आकड्यानं तुमचं काय होईल असं तुम्हाला वाटतं? मी लोखंडाचा, मला विचारता येत नाही. तुम्हाला येतं. आणि लेकरू वाळत असेल तर आईवर बोलायच्या आधी तिच्या पदराची गाठ बघा.

परवा दुपारी गोदामात बी निवडायचं काम चाललं होतं. भिमाजी जेवायला गेला, बायका पाणी प्यायला विहिरीवर गेल्या. मना पोत्यावर झोपली होती, तोंड उघडं टाकून, गाल भरलेले. राहीबाई एकटीच मागं राहिली. तिनं दाराकडं बघितलं. मग पदर झटकला, पायाची माती पुसली आणि माझ्यावर चढून उभी राहिली.

पितळी वजन तिनं स्वतःच्या हातानं सरकवलं. आधी जरा अडखळलं. मग चाळीसच्या खाचेवरून ते पुढं गेलं, आणखी पुढं गेलं, आणि दांडी सरळ झाली. तिनं वाकून आकडा वाचला. दोनदा वाचला.

तो आकडा कुणी मोठ्यानं सांगितला नाही, कुणी वहीत लिहिला नाही. मीही तो इथं सांगणार नाही. तो तिचा आहे.